सावद्याच्या शिवारात भूशास्त्राची पदवी

भूशास्त्र हा बी.एस्सी.चा विषय म्हणून महाराष्ट्रात मोजक्याच महाविद्यालयांत शिकवला जातो. पुण्याचे फर्ग्युसन आणि नौरोसजी वाडिया, मुंबईचे सेंट झेवियर्स ही त्यांतली जुनी नावे. याखेरीज काही छोटे विभाग खासगी शिक्षणसंस्थांच्या महाविद्यालयांत तग धरून आहेत. दोन-तीन शिक्षक, एक परिचर, एक प्रयोगशाळा आणि कपाटांच्या खणांत चिठ्ठ्या लावलेले दगड, एवढा त्यांचा संसार. जळगाव जिल्ह्यातील सावदा, फैजपूर, रावेर, यावल या केळीच्या पट्ट्यातून अशा विभागांत शिकायला गेलेल्या मुलामुलींचा अनुभव पुष्कळसा सारखा आहे. त्यात विषयाची गोडी आहे, तशीच साधनांची टंचाईही आहे. या टंचाईमुळेच अनेकांना प्रयोगशाळेपेक्षा शिवारात जास्त शिकायला मिळाले.

भूशास्त्राला येणारा विद्यार्थी बहुधा ठरवून येत नाही. बारावीला हा विषय मंडळाच्या यादीत असला, तरी तो घेणारे क्वचितच भेटतात. अभियांत्रिकीचा किंवा वैद्यकीयचा क्रमांक लागला नाही, रसायनशास्त्राच्या जागा भरल्या, मग प्रवेशाच्या खिडकीवरचा कारकून सांगतो, ‘जिऑलॉजी घेऊन टाक.’ घरी तेच ‘जिऑग्राफी’ म्हणून पोचते आणि नातेवाइकांत भूगोलाचा शिक्षक होणार अशी बातमी फिरते. पहिल्या वर्षी भरलेला वर्ग तिसऱ्या वर्षी दोन बाकांवर मावतो. मात्र विद्यार्थी थोडे असण्याचा एक फायदा असतो. कोणाला लपायला जागा राहत नाही. शिक्षक प्रत्येकाच्या हातात नमुना देतात आणि उत्तर आल्याशिवाय तो परत घेत नाहीत.

पहिले वर्ष जाते खनिजे ओळखण्यात. रंगावर विश्वास ठेवायचा नाही, हा पहिला धडा. एकच खनिज पांढरे, हिरवे, गुलाबी असे कसेही निघते. खरी ओळख काठिण्य, कस, चकाकी आणि फुटण्याची पद्धत यांवरून पटते. फ्रीडरिश मोस याने १८१२ मध्ये मांडलेली काठिण्याची श्रेणी आजही तशीच पाठ करावी लागते: शंखजिरे १, कॅल्साईट ३, क्वार्ट्‌झ ७, हिरा १०. बोटाचे नख अडीचच्या आसपास, खिशातला चाकू साडेपाचच्या. एवढ्या दोन साधनांवर निम्मी खनिजे वेगळी काढता येतात. विभागात उपकरणे नसली, तरी नख आणि चाकू प्रत्येकाजवळ असतात.

सावद्याच्या मुलांना इथे एक अनपेक्षित धक्का बसतो. सावदा आपल्याकडे केळीमुळे माहीत. सावदा आणि रावेर स्थानकांतून केळी उत्तर हिंदुस्थानात जाते आणि जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे. पण देशोदेशींच्या खनिजसंग्राहकांच्या कपाटांत सावद्याचे नाव आहे ते दगडाच्या खाणींमुळे. या परिसरातील बेसाल्टच्या पोकळ्यांत ॲपोफिलाईट, स्टिलबाईट, ह्यूलँडाईट, मेसोलाईट यांचे देखणे स्फटिक सापडतात. झिओलाईट गटातील खनिजे आणि त्यांच्या सोबतीने येणारे ॲपोफिलाईट यांसाठी जळगाव, नाशिक, पुणे हे जिल्हे जगभर ओळखले जातात. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात या खनिजांचा मोठा साठा पाहता येतो. गावाकडे मात्र चमकणारा कोणताही दगड गारगोटीच. विहीर खोदताना निघालेला गठ्ठा कोणाच्या ओसरीवर पडलेला असतो, कोणाच्या काचेच्या कपाटात दिवाळीच्या फराळाच्या डब्यांशेजारी बसलेला असतो. पहिल्या वर्षाचा विद्यार्थी सुट्टीत घरी येतो आणि तोच गठ्ठा पहिल्यांदा नीट पाहतो. चौकोनी मनोऱ्याचे टोक आणि तळाच्या पृष्ठावर मोत्यासारखी झाक असलेले ते ॲपोफिलाईट. कडब्याची पेंढी मध्ये आवळून बांधावी तसा दोन्ही टोकांना पसरलेला तो स्टिलबाईट. शंका राहिलीच, तर विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकायचा. फसफसले तर कॅल्साईट, गप्प राहिले तर दुसरे काही. विभागातून आम्लाची छोटी बाटली घरी नेण्याची परवानगी नसते. तरी ती बऱ्याच घरांत पोचलेली असते.

खाणीत जाण्याबाबत शिक्षक कडक असतात, आणि ते योग्यच आहे. सुरुंग लावण्याच्या वेळा, कड्यावर लटकलेले दगड, क्रशरची धूळ या सगळ्यांत कोवळ्या उत्साहाला स्थान नाही. चांगला स्फटिक विकायला काढला की विद्यार्थ्याचा व्यापारी होतो, हेही ते बजावून सांगतात. नमुन्याचे मोल त्याच्या चिठ्ठीत असते. कुठल्या गावचा, कुठल्या थरातला, किती खोलीवरचा, हे लिहिलेले नसेल तर सुंदर स्फटिकही अभ्यासाला निरुपयोगी. छोट्या विभागांत अशा बिनचिठ्ठीच्या दगडांचे खणच्या खण भरलेले असतात. पूर्वीच्या कोणा शिक्षकाने जमवलेले, त्यांच्याबरोबरच माहितीही निवृत्त झालेली.

नकाशाचा अभ्यास त्यापुढचा. सर्वे ऑफ इंडियाच्या जुन्या मालिकेतले १ : ५०,००० प्रमाणाचे स्थलनिर्देशक नकाशे, म्हणजे टोपोशीट, हे भूशास्त्राच्या विद्यार्थ्याचे कायमचे सोबती. सावदा आणि फैजपूर ४६ ओ/१६ या पत्रकावर येतात. जवळचेच रावेर ७६ अंश पूर्व रेखांशाच्या पलीकडे असल्यामुळे ५५ सी या पुढच्या मालिकेत जाते. बसने काही मिनिटांत जाता येणारे गाव नकाशात वेगळ्या गठ्ठ्यात सापडते, तेव्हा अक्षांश-रेखांश हे परीक्षेपुरते नसतात हे लक्षात येते. समोच्च रेषा वाचायलाही हेच पत्रक उत्तम. वर सातपुड्यात रेषांची दाटी, मग डोंगराच्या पायथ्याशी त्या एकदम विरळ होतात आणि तापीपर्यंत जवळजवळ सपाट जमीन. ही रेषांची दाटी जिथे तुटते, तिथे जमिनीखाली मोठा विभंग, म्हणजे खडकाचे थर सरकलेली भेग, आहे. सातपुडा वर राहिला, तापी-पूर्णेचे खोरे खचले आणि खचलेला भाग नद्यांनी गाळाने भरून काढला. केळीची सुपीक जमीन ही या खचण्याची देणगी आहे.

भाषेचा प्रश्न याच काळात डोके वर काढतो. बहुतेक मुले मराठी माध्यमातून आलेली, पुस्तके सगळी इंग्रजी. भारताच्या भूशास्त्राचे मूळ पुस्तक दाराशा वाडियांचे. ते १९१९ मध्ये पहिल्यांदा छापले गेले आणि अजूनही संदर्भाला काढले जाते. वाडिया जन्माने सुरतचे, म्हणजे याच तापीच्या काठचे. पण त्यांचे वाक्य समजायला एका शब्दकोशाने भागत नाही. अशा वेळी मराठी विश्वकोशातील भूशास्त्राच्या नोंदी उपयोगी पडतात. त्यांतल्या कित्येक क. वा. केळकरांनी लिहिल्या आहेत. नती, विभंग, स्तरभ्रंश, शिलारस हे शब्द तिथून कळले की मग इंग्रजी पानही उलगडते. वर्गात मात्र थराच्या उताराला कोणी नती म्हणत नाही, सगळे डिपच म्हणतात.

दुसऱ्या वर्षी खडकांचे सूक्ष्मदर्शकी निरीक्षण सुरू होते आणि छोट्या महाविद्यालयाची खरी अडचण इथे दिसते. ध्रुवण सूक्ष्मदर्शक महाग. एका यंत्राभोवती अख्खी तुकडी उभी. पाळी येईपर्यंत तास संपतो. खडकाचे पातळ छेद तयार करण्याचे यंत्र तर नसतेच. कोणी हौशी शिक्षक असेल तर तो हाताने छेद घासायला लावतो. खडकाची चकती काचपट्टीवर चिकटवायची आणि जाड काचेवर कार्बोरंडमची पूड व पाणी घेऊन घासत राहायचे. ०.०३ मिलिमीटर जाडी आली पाहिजे, म्हणजे काळाकुट्ट बेसाल्टही पारदर्शक होतो. मधूनमधून सूक्ष्मदर्शकाखाली धरून रंग तपासावा लागतो. प्लॅजिओक्लेज पिवळसर दिसत असेल तर अजून जाड आहे, करड्या छटा आल्या की थांबायचे. शेवटच्या क्षणी दोन हात जास्त पडले, तर खडक काचेवरून नाहीसा होतो आणि दुपारची मेहनत वाया जाते. हे बहुतेकांचे एकदा तरी होते. पण छेद साधला आणि ध्रुवकांच्या मध्ये तो धरला, की प्लॅजिओक्लेजचे काळे-पांढरे पट्टे, पायरोक्सिनचे झगमगीत रंग आणि मध्येच मॅग्नेटाईटचे अपारदर्शक ठिपके दिसतात. विकतच्या तयार काचपट्ट्यांवर शिकलेल्या मुलांना खडकाची ही जाडी बोटांना कळत नाही, आणि त्यांचे हे नुकसान लहान नाही.

खान्देशात शिकणाऱ्याची आणखी एक गैरसोय म्हणजे इथे पायाखाली एकाच जातीचा खडक आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी पसरलेल्या शिलारसाने महाराष्ट्राचा बहुतेक भाग झाकला. दख्खनच्या बेसाल्टचे आजचे क्षेत्र सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर भरते. ग्रॅनाईट, संगमरवर, वालुकाश्म, कोळसा हे सगळे इथल्या विद्यार्थ्याला खणातून काढून दाखवावे लागते. म्हणून वर्षातून एकदा अभ्याससहल निघते. कधी विदर्भात मँगनीज आणि कोळशाच्या खाणी पाहायला, कधी राजस्थानात जावरच्या जस्ताच्या खाणी आणि मकराण्याचा संगमरवर पाहायला. या सहलींचा खर्च, रेल्वेचे आरक्षण, मुलींच्या घरची परवानगी ही सगळी खटपट शिक्षकांच्या गळ्यात असते. बाई सोबत आहेत म्हटल्यावर काही पालक हो म्हणतात, काहींच्या घरी शिक्षकांना स्वतः जाऊन बसावे लागते. परत आल्यावर लिहायच्या अहवालात जेवणाची आणि नाच-गाण्याची वर्णनेच अधिक येतात, हा जुना रिवाज. मात्र पट्टिताश्मातील वळ्या डोळ्यांनी पाहून आलेल्याला आकृतीतली वळी पुन्हा समजावून सांगावी लागत नाही.

जवळचे क्षेत्रकार्य याहून मोलाचे. त्याचा हंगाम दिवाळीपासून होळीपर्यंत, कारण त्यानंतर खान्देशातले ऊन कातळावर हात ठेवू देत नाही. धुळे-नंदुरबारकडे गेले की माळरानावर काळ्या दगडाच्या लांबच लांब भिंती दिसतात. पाहणाऱ्याला त्या बांधलेल्या वाटतात. या डाईक, म्हणजे जमिनीच्या भेगांत शिलारस थिजून झालेल्या भित्ती. भोवतीचा मऊ खडक झिजला आणि त्या उभ्या राहिल्या. यांतल्या काही भित्ती कित्येक किलोमीटर लांब जातात. लाव्हाच्या सपाट थरातले खांब उभे असतात आणि भित्तीतले आडवे. थंड होण्याची दिशा बदलली की खांबांचीही बदलते. हे जागेवर पाहिलेला विद्यार्थी तोंडी परीक्षेत अडखळत नाही. अजिंठ्याला मुले आधी चित्रांसाठी जाऊन आलेली असतात. भूशास्त्राच्या वर्गाबरोबर गेले की वाघूर नदीने कापलेली नालाकृती दरी, एकावर एक बसलेले लाव्हाचे थर आणि लेण्यांच्या भिंतीतल्या पोकळ्या आधी दिसतात. चोपडा तालुक्यात अडावदजवळचे उनपदेव हे गरम पाण्याचे ठिकाण. तिथे खाली ज्वालामुखी धुमसतो आहे, असे उत्तर दरवर्षी कोणीतरी देतोच. प्रत्यक्षात भेगांवाटे खोल गेलेले पाणी पृथ्वीच्या पोटातल्या नेहमीच्या उष्णतेने तापते आणि विभंगाच्या वाटेने वर येते. सातपुड्याच्या पायथ्याची ती वाट सावद्याच्या उत्तरेकडेही आहे.

हा पायथाच सावद्याच्या विद्यार्थ्याचा खरा वर्ग ठरतो. डोंगरातून सुकी, मोर अशा नद्या वेगाने उतरतात आणि सपाटीला लागताच बरोबर आणलेले गोटे, भरड वाळू, माती एकत्रच टाकून देतात. या गोटाड पट्ट्याला भूशास्त्रात बझाडा म्हणतात. पावसाळ्यात नदी इथवर खळाळत येते आणि पुढे पात्रातच मुरून जाते. दक्षिणेकडे तापीपर्यंत गाळाचे थर. त्यांची जाडी काही ठिकाणी शेकडो मीटर भरते. म्हणजे सावद्याच्या केळीला जे पाणी मिळते, त्याचा मोठा वाटा पायथ्याच्या या गोट्यांतून झिरपलेला असतो. बझाड्यावर वाळूउपसा झाला, बांधकाम झाले किंवा डोंगर उघडा पडून गाळाने ही तोंडे बुजली, तर खालच्या बागांचे पाणी तुटते. रावेर आणि यावल हे तालुके भूजलाचा अतिउपसा झालेल्यांत गणले जातात, याचे कारण या दोन गोष्टींच्या हिशेबात आहे. उपसा ट्यूबवेलच्या वेगाने, पुनर्भरण मात्र नदीच्या मर्जीवर.

पायथ्याची ही ताकद जुन्या लोकांना माहीत होती. रावेरच्या पुढे मध्य प्रदेशात बुऱ्हाणपूरला कुंडी भंडारा आहे. सतराव्या शतकाच्या आरंभी, अब्दुल रहीम खानखानाच्या कारकिर्दीत, सातपुड्याकडून झिरपणारे पाणी भुयारी नळाने आणि एकमेकांना जोडलेल्या कुंड्यांच्या रांगेने शहरात आणले गेले. ना मोट, ना पंप. सगळा भरवसा उतारावर. भूजलाचा धडा वर्गात दोन तास चालतो. तोच धडा एका कुंडीत डोकावून दहा मिनिटांत समजतो.

गाळाच्या प्रदेशात उघडा खडक दिसत नाही, ही अडचण खरी. तिच्यावर मुलांनीच तोड काढलेली असते. गावात बोअर चालू झाल्याची खबर लागली की सायकलवर जाऊन यंत्राशेजारी उभे राहायचे. ठरावीक खोलीनंतर बाहेर पडणारा मालमसाला मूठभर घ्यायचा, प्लॅस्टिकच्या पिशवीत भरायचा, मार्करने खोली लिहायची. वरची काळी माती, मग चुनखडीचे खडे असलेली पिवळी चिकण माती, मग बारीक वाळू, पुन्हा चिकण माती, मग एकदम गोटे आणि भरड वाळू, जिथे पाणी उसळते. यंत्रावरच्या कामगाराला हा प्रकार प्रथम वेडेपणा वाटतो. नंतर तोच हाक मारून सांगतो की आता थर बदलला, आवाज वेगळा येतोय. अशा चार-पाच बोअरच्या नोंदी शेजारी शेजारी मांडल्या की जमिनीखालची जुनी नदी कागदावर दिसू लागते. ग्रंथालयात न मिळणारा हा मजकूर. छोट्या विभागांच्या भिंतींवर टांगलेले असे छेद कित्येकदा छापील तक्त्यांपेक्षा खरे असतात.

बोअरच्या जागेवर पाणाड्याची गाठ पडतेच. तळहातावर नारळ किंवा हातात दुबेळक्याची फांदी घेऊन तो शेत फिरतो आणि खूण करतो. बापाचा विश्वास पाणाड्यावर, मुलगा विभागातून विद्युत रोध मोजण्याचे यंत्र आणायच्या गोष्टी करतो, आणि घरात दोन दिवस वाद चालतो. वादाचे उत्तर जमिनीत आहे. सावद्याच्या बाजूला गाळ आहे. पुरेसे खोल गेले तर पाणी जवळजवळ कुठेही लागते, म्हणून पाणाड्याचे नाव होते. भुसावळच्या दक्षिणेला कातळाच्या प्रदेशात तोच पाणाड्या चार बोअरांत तीन कोरडे देऊन येऊ शकतो, कारण तिथे पाणी भेगांत आणि मुरमात असते, चुकली जागा की चुकलेच. विद्यार्थ्याने बापाला एवढे समजावले तर पुरे. बोअर पाणाड्याच्या खुणेवरच होतो, पण किती खोल न्यायचा हे मुलाला विचारले जाते.

तिसऱ्या वर्षी प्रात्यक्षिक परीक्षा, जर्नल, बाहेरून येणारे परीक्षक हे सगळे ओघाने येते. त्याबद्दल फारसे सांगण्याजोगे नाही. पदवीनंतरचा रस्ता मात्र आधीच माहीत असलेला बरा. नुसत्या बी.एस्सी.वर भूवैज्ञानिकाची नोकरी जवळजवळ नाही. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण आणि केंद्रीय भूजल मंडळ यांची भरती संघ लोकसेवा आयोगाच्या एकत्रित परीक्षेतून होते आणि तिला एम.एस्सी. लागते. एम.एस्सी.ला आयआयटीत जायचे तर जॅम परीक्षेत भूशास्त्राचा स्वतंत्र पेपर असतो. राज्यात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा, खनिकर्म विभाग, खासगीत खाणी, बोगदे-धरणांची कामे आणि भूजलाचे सल्लागार हे उरलेले दरवाजे. काही जण शिक्षक होतात, काही बँकेत जातात, आणि काही शेतीकडे परत येऊन गावातल्या बोअरची जागा पाहून देतात. या शेवटच्यांना कोणी भूवैज्ञानिक म्हणत नाही, पण पायथ्याशी बांध घालायचा की शेतात आणखी एक ट्यूबवेल मारायची, याचा सल्ला गाव त्यांनाच विचारते.

छोट्या विभागाचे मोजमाप इमारतीवरून करू नये. प्रवेश घेण्याआधी तिथे जाऊन तीन गोष्टी विचाराव्यात: वर्षात किती दिवस क्षेत्रकार्याला नेतात, सूक्ष्मदर्शक किती आणि त्यांतले चालू किती, आणि कपाटातल्या नमुन्यांना चिठ्ठ्या आहेत का. पहिल्या प्रश्नाचे उत्तर गुळमुळीत आले, तर सावद्याच्या मुलाने दुसरे महाविद्यालय पाहावे.